फोमचा दाणा, वाफ अन् भंगार : तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात या पानावर थर्माकोलला पर्याय म्हणून ईपीपीच्या दाण्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की हा पॉलिप्रॉपिलीनचा फुगवलेला दाणा आहे, साच्यात वाफेवर एकमेकांना चिकटतो, दणका बसला तरी परत मूळ आकाराला येतो आणि शेवटी वितळवून परत वापरता येतो. तेवढ्या चार ओळींवर वाळूजपासून नांदेडपर्यंतचे प्रश्न आलेत. निवडक घेतलेत, नावं मुद्दाम छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

वाळूज एमआयडीसी : सर, आमचं थर्माकोल मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या व्हेंडरना आम्ही ट्रे अन् कोपरे पुरवतो. आता ते म्हणायलेत थर्माकोल नको, परत परत वापरता येईल अन् रिसायकल होईल असं द्या. ईपीपीचा दाणा बाहेरून आणायचा म्हणलं तर भाडंच लय पडायलंय. मग दाणा आपणच का बनवू नये? भाऊ म्हणतो कर्ज काढू. आहे त्याच मशीनवर चालेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण त्यात हातपाय भाजायचं काम आहे. नाही चालणार. थर्माकोलच्या साच्यात तुम्ही वाफ साधारण १ बारच्या (बार हे दाब मोजायचं माप) आसपास सोडता, म्हणजे ११०-१२० अंश. ईपीपीला ३ ते ४ बार लागते, म्हणजे १४०-१५० अंशांच्या घरात. तुमच्या मशीनचं क्लॅम्पिंग, वाफेची चेंबर, गॅस्केट, ॲल्युमिनियमच्या साच्याची जाडी, यातलं काहीच त्या दाबासाठी केलेलं नाही. "जरा प्रेशर वाढवून बघू" म्हणणारा एखादा हौशी ऑपरेटर प्रत्येक शॉपवर असतोच, त्याला आजच सांगून ठेवा.

आता भाड्याचं. थर्माकोलचा कच्चा माल तुमच्याकडे न फुगवलेला येतो, बारीक साबुदाण्यासारखा, आत पेंटेन वायू मुरवलेला, आणि घनमीटरला ६०० किलोच्या आसपास भरतो. फुगवायचं काम तुमच्या प्री-एक्स्पान्डरमध्ये होतं. ईपीपीचं उलटं आहे, तो कारखान्यातूनच फुगून निघतो. आता हिशोब करा : ३२ फुटी कंटेनरमध्ये ५५-६० घनमीटर जागा, दाणा लिटरला ३० ग्रॅमचा, म्हणजे अख्ख्या गाडीत पावणेदोन टन माल, बाकी सगळी हवा. गाडीवाला भाडं हवेचंही घेतो. त्यामुळे तुमचा राग बरोबर आहे, पण त्यावर दाणा स्वतः बनवणं हा इलाज लगेच लागू पडत नाही, का ते बघा.

पॉलिप्रॉपिलीनचा नेहमीचा दाणा २०-३० मिलिग्रॅमचा असतो, तो फुगवायला फार मोठा. म्हणून आधी एक्स्ट्रुडरमधून, म्हणजे प्लास्टिक वितळवून भोकातून ढकलणाऱ्या मशीनमधून, बारीक तार काढून १ मिलिग्रॅमच्या आसपासचे तुकडे करायचे, त्यातच टाल्कसारखं काहीतरी अगदी थोडं घालायचं म्हणजे बुडबुडे कुठे धरायचे ते ठरतं. हे तुकडे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात, पाण्यात टाकायचे, पाणी सारखं ढवळत ठेवायचं, आणि ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून केओलिन माती किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची पूड अन् थोडं साबणासारखं रसायन घालायचं. मग कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने सोडायचा आणि तापमान प्लास्टिकच्या वितळण्याच्या अगदी उंबऱ्यावर न्यायचं, १४०-१५० अंश, दाब २० ते ४० बार. तिथे काही मिनिटं थांबायचं, त्या वेळात वायू दाण्यात मुरतो. मग खालचा व्हॉल्व्ह उघडला की पाणी आणि दाणे बाहेरच्या साध्या हवेत फेकले जातात, आतला वायू एकदम फुगतो, दाणा थंड होऊन त्याच आकारात बसतो. ज्वारीची लाही फुटते तसंच, फक्त लाहीत दाण्याचंच पाणी वाफ होतं आणि इथे वायू बाहेरून भरलेला असतो. माल बाहेर पडत असताना ऑटोक्लेव्हमधला दाब उतरू द्यायचा नसतो, वरून वायू भरत राहावं लागतं, नाहीतर पहिल्या पोत्यातला दाणा हलका आणि शेवटच्या पोत्यातला जड, आणि दोन्ही एकाच ट्रेत पडले की ट्रे वाकडा.

इथवर ऐकायला सोपं वाटतं. पण ४० बारचं प्रेशर व्हेसल, वायूचा साठा, त्याच्या परवानग्या, नंतर दाण्यावर चिकटलेली पूड सौम्य आम्लाने धुवायचं काम (ती राहिली तर दाणे साच्यात नीट चिकटत नाहीत) आणि त्या धुण्याच्या पाण्यासाठी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. पाणी टँकरने घेणाऱ्या युनिटने हे करायचं म्हणजे अवघडच. ऑटोक्लेव्ह टाळून एक्स्ट्रुडरमध्येच वायू मिसळून पाण्याखाली कापायची पण पद्धत आहे, तिलाही गुंतवणूक कमी नाही.

माझं मत विचाराल तर भावाला म्हणावं कर्ज काढ, पण दाण्यासाठी नाही, ईपीपीच्या मोल्डिंग मशीनसाठी. दाणा विकत घ्या, आणि पुरवठादाराला कमी फुगवलेला दाणा मागा. असा दाणा तुमच्याकडे बंद टाकीत हवेच्या दाबाखाली ठेवून मग वाफेवर दुसऱ्यांदा फुगवता येतो, म्हणजे गाडीत हवा कमी येते आणि भाडं निम्म्यावर यायला वाव मिळतो. दुसऱ्यांदा फुगवायचं यंत्र ऑटोक्लेव्हपेक्षा पुष्कळ साधं. साच्यासाठी संभाजीनगरच्या चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, मालाच्या टेस्टिंगसाठी सिपेट ही प्लास्टिकची सरकारी संस्था पण तिथेच चिकलठाण्यात. दोन्ही ठिकाणी पार्टचं ड्रॉइंग घेऊन जा, रिकाम्या हाताने गेलात तर चहा मिळेल फक्त.

आणि व्हेंडरला एक गोष्ट स्पष्ट विचारा. ट्रे परत येणार आहे का? ईपीपी थर्माकोलपेक्षा महाग, त्याचा पैसा वसूल होतो तो फेऱ्यांमधून. ट्रे एकदा जाऊन असेम्ब्ली प्लांटच्या मागच्या ढिगात पडणार असेल तर थर्माकोलचा कोपराच बरा होता. थर्माकोल पहिल्या दणक्यात आपला जीव देतो, त्याच्या आतल्या भिंती मोडतात, दुसऱ्या दणक्याला तिथे काही उरत नाही. ईपीपी दबतो आणि परत उठतो. हा फरक फेऱ्या मारणाऱ्या मालालाच उपयोगी आहे.

जुना जालना : आमचं भंगारचं दुकान आहे. पांढरा फोम सगळा एकसारखाच दिसतो, पोरं सगळा एका बोऱ्यात भरतेत अन् घेणारा म्हणतो मिक्स माल आहे, भाव देत नाही. ओळखायचं कसं?

हाताने मोडून बघा. थर्माकोल कटकन तुटतो, तुटताना कचकच आवाज आणि कडेने दाणे सुटतात. ईपीपी मोडत नाही, वाकतो, नखाने दाबलं तर खड्डा हळूहळू भरून येतो. काळा किंवा करडा रंग असेल, गाडीच्या बंपरच्या आतून किंवा सीटखालून निघालेला असेल तर बहुतेक ईपीपीच. टीव्हीच्या खोक्यातला मऊ, मेणचट हाताला लागणारा, रोलमध्ये येतो तो ईपीई, म्हणजे पॉलिथिन. फळांना घालतात ती जाळीही तीच.

शंका असली तर नेलपेंट काढायचं ॲसिटोनवालं लिक्विड एक थेंब टाका. थर्माकोल लगेच खाली बसतो, चिकट डाग होतो. ईपीपी आणि ईपीईला काही होत नाही. पेट्रोलने पण थर्माकोल विरघळतो पण भंगारच्या दुकानात पेट्रोलचे प्रयोग नकोत, ॲसिटोनपण पेटतं, बिडी विझवून करा. नंबर छापलेला असेल तर त्रिकोणात ६ म्हणजे थर्माकोल, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ४ म्हणजे एलडीपीई, पॉलिथिनचीच एक जात. पण फोमवर नंबर क्वचितच असतो.

खरी गोम पॉलिथिनच्या फोममध्ये आहे. दोन जाती आहेत, एक साधी आणि एक क्रॉसलिंक केलेली, म्हणजे रसायन घालून आतले धागे एकमेकांना कायमचे गाठ मारून टाकलेली. व्यायामाच्या मॅट, एसीच्या पाइपवरचा बारीक पोताचा फोम, चांगल्या प्रतीचं पॅडिंग यात क्रॉसलिंकवाला पुष्कळ येतो, दिसायला उलट जास्त सुबक. तो भंगार वितळवून दाणा पाडायच्या मशीनमध्ये गेला की वितळत नाही, गाठी होऊन जाळीत अडकतो आणि तुमचा गिऱ्हाईक अख्खा लॉट परत पाठवतो. घेणारा "मिक्स" म्हणतो ते बहुतेक याच भीतीने. ओळखायला जुना तवा उघड्यावर ठेवा, करंगळीच्या पेराएवढा तुकडा टाका, आच मंद. साधा पॉलिथिन हळूहळू आकसून मग पातळ होतो, उलथन्याने ओढला की तार निघते. क्रॉसलिंकवाला आकसतो, रबरासारखा लिबलिबीत होतो पण वाहत नाही, दाबून सोडला की परत गोळा. धूर नाकात घेऊ नका आणि तो तवा परत घरात नेऊ नका.

थर्माकोल रिसायकल होतच नाही असं पुष्कळ जण सांगतात, ते खरं नाही. पॉलिस्टायरीन वितळतं, त्याचा दाणा होतो, फोटोफ्रेमच्या पट्ट्या त्यातूनच होतात. अडचण एवढीच की तो ९८ टक्के हवा आहे, टेम्पोभर माल काट्यावर ठेवला की काही किलो. दाबून किंवा गरम करून लाद्या पाडणारं मशीन जवळ असेल तरच त्याला पाय फुटतात. सध्या तुम्ही थर्माकोल, ईपीपी आणि साधा पॉलिथिन असे निदान तीन बोरे वेगळे करा, क्रॉसलिंकवाला त्यांच्या बाहेर ठेवा, तेवढ्याने पण बोलणी करायला तोंड राहील. आणि जुन्या इमारतीच्या किंवा कोल्ड स्टोरेजच्या पाडकामातल्या थर्माकोलच्या लाद्या पण या तिन्हींत घालू नका, वेगळ्या बाजूला ठेवा. त्यात पूर्वी आग रोखायला एचबीसीडी नावाचं ब्रोमीनचं रसायन घालायचे, वर्षानुवर्षं न विरघळणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ते २०१३ला गेलं आणि आपल्याकडे २०१८च्या नियमांत त्यावर बंदी आली. असा माल पॅकिंगच्या मालात मिसळायचा नाही.

लातूर (पॉलिमरचा विद्यार्थी) : ईपीपीच्या दाण्याला डीएससीमध्ये दोन वितळबिंदू का दिसतात? पॉलिप्रॉपिलीनला तर एकच असतो ना? आणि मग पॉलिथिनला क्रॉसलिंक न करता असाच दाणा का बनवत नाहीत?

वा, हा प्रश्न विचारणारा पोरगा पुढे जाणार. सगळ्या धंद्याची किल्ली यातच आहे. (बाकीच्यांसाठी : डीएससी म्हणजे नमुना हळूहळू तापवत तो किती उष्णता घेतो याचा आलेख काढणारं यंत्र, वितळताना त्यात शिखर दिसतं.)

ऑटोक्लेव्हमध्ये आपण उंबऱ्यावर थांबतो असं वर म्हटलं, तिथेच हे घडतं. स्फटिक सगळे एका जातीचे नसतात, कच्चे वितळतात, जे वितळले नाहीत ते त्या गरम पाण्यात बसून आणखी जाड आणि पक्के होतात. त्यांचा वितळबिंदू वर सरकतो. मग दाणा फुगताना झटकन थंड होतो तेव्हा उरलेल्या मालाचे घाईघाईत स्फटिक होतात, ते नेहमीच्याच बिंदूला वितळणारे. म्हणून आलेखात दोन शिखरं, एक प्लास्टिकचं स्वतःचं आणि दुसरं त्याच्यावर साधारण १०-२० अंशांवर. गंमत बघायची तर तोच नमुना थंड करून परत चढवा, वरचं शिखर गायब. कारण ते प्लास्टिकचा गुण नव्हतं, त्याला मिळालेल्या वागणुकीची खूण होती.

याचा उपयोग साच्यात. वाफ दोन्ही शिखरांच्या मधल्या तापमानाची सोडायची. खालच्या शिखराचे स्फटिक वितळतात, दाण्याची कातडी चिकट होते, शेजाऱ्याला धरते. वरच्या शिखराचे तसेच उभे राहतात, त्यामुळे आतल्या भिंती कोसळत नाहीत. वरचं शिखर फार मोठं झालं तर दाणा कडक, जास्त वाफ मागतो. फार लहान झालं तर साच्यातून निघालेला पार्ट आकसून सुरकुततो. म्हणून दाणा बनवणारे कारखाने या शिखराची उष्णता ग्रॅममागे ज्यूलमध्ये मोजत बसतात. आणि यात साधं पॉलिप्रॉपिलीन नाही चालत, थोडं इथिलीन मिसळलेलं रँडम कोपॉलिमर घेतात, कारण साधं १६०च्या पुढे वितळतं आणि तेवढी वाफ सांभाळायला मशीन फार जड होतं.

पॉलिथिनचा त्रास असा की त्याचा वितळलेला माल पातळ, ओढला की तुटतो. उंबरा अगदी अरुंद, दोन अंश इकडे तर फुगतच नाही, दोन अंश तिकडे तर बुडबुड्याच्या भिंती फुटतात. म्हणून पूर्वीच्यांनी पेरॉक्साइड घालून क्रॉसलिंक केलं. भिंतींना ताकद आली, दाणा झकास झाला, साच्यात पण लाडाने वागतो, पण त्याच दिवशी त्याचा परतीचा रस्ता बंद झाला. क्रॉसलिंक न करता दाणा बनवत नाहीत असं मात्र नाही. लिनिअर लो डेन्सिटी पॉलिथिन घेऊन, तापमान बारीक सांभाळून त्यातही दोन शिखरं काढता येतात आणि तसा दाणा बाजारात आहे. किंमत मोजावी लागते ती मोल्डरला : वाफेच्या दाबाची सवलत फार थोडी, ईपीपीला चालून गेलेली ढिलाई इथे चालत नाही. शिवाय पॉलिथिनमधून कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पळतो आणि बाहेरची हवा तेवढ्या वेगाने आत शिरत नाही, त्यामुळे दाणा मनुक्यासारखा सुकतो. म्हणून त्याला काही वेळ दाबाच्या हवेत ठेवायचं आणि मग साच्यात घालायचं.

म्हणजे रिसायकल होणार की नाही हे भंगारवाल्याच्या दारात ठरत नाही, ते ऑटोक्लेव्हच्या रेसिपीत ठरतं. प्रोजेक्टला विषय शोधत असशील तर हाच घे, क्रॉसलिंक नसलेला पॉलिथिनचा दाणा आणि त्याची वाफेची खिडकी, म्हणजे कमीत कमी ते जास्तीत जास्त किती वाफ त्याला चालते ते. तुझ्या पायातल्या स्पोर्ट्स शूजचा तळ दाणेदार पांढरा असेल तर तोही याच घराण्यातला, टीपीयू नावाच्या रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा दाणा, बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने काढला आणि आदिदासने २०१३ला बुटात आणला.

नांदेड : आमच्याकडं थर्माकोलचे पार्ट बाहेरून गुळगुळीत दिसायलेत पण मोडले की दाणे सुट्टे. सकाळी माल चांगला, दुपारनंतर बिघडतो. दाणा खराब आलाय का?

सकाळी चांगला येत असेल तर दाण्याला कशाला दोष देता. मोडलेली कड नीट बघा. चांगल्या पार्टमध्ये भेग दाण्याच्या पोटातून जाते, अर्धे कापलेले दाणे दिसतात. तुमच्यात ती दाण्याला वळसा घालून जात असणार, गोल गोल टेकड्या अन् खड्डे. म्हणजे कातडी चिकटली नाही. वाफ ओली आहे किंवा साच्यापर्यंत पोचत नाही.

दुपारी बिघडतंय म्हणजे मला दोन संशय. एक, बोअरचं पाणी. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी जड, क्षार भरपूर, सॉफ्टनरचं (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचं) रेझिन मिठाच्या पाण्याने धुवायचं कोणी विसरलं की दुपारपर्यंत सॉफ्टनर संपलेला असतो, बॉयलरमध्ये क्षार वाढले की फेस येतो आणि वाफेबरोबर पाणी लाइनमध्ये जातं. तेच क्षार साच्याच्या बारीक व्हेंटमध्ये, म्हणजे वाफ आत यायच्या भोकांमध्ये, बसतात. व्हेंट उजेडाकडे धरून बघा, भोकं पांढरी दिसली तर उत्तर तिथेच मिळालं. दुसरा संशय, ब्रिकेट, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत घालायचे दाबून केलेले ठोकळे. पऱ्हाटीचे किंवा सोयाबीनच्या भुसाचे ब्रिकेट उघड्यावर पडून भिजले असतील तर दाब टिकत नाही, आणि शिफ्ट बदलताना भट्टीवाला चहाला गेला की गेज खाली. वाफेच्या लाइनमधलं पाणी बाहेर काढणारे स्टीम ट्रॅप पण बघा, बरेच ट्रॅप नुसते शोभेला लावलेले असतात.

एक तिसरी गोष्ट, फुगवलेला दाणा सायलोत, म्हणजे साठवायच्या मोठ्या कापडी पिशवीत, किती वेळ ठेवता? १२ ते २४ तास हवेशीर ठेवला पाहिजे, तेवढ्यात हवा आत शिरते. दुपारी सकाळचाच ताजा फुगवलेला दाणा ओढत असाल तर तेही कारण असू शकतं. बॉयलर सर्टिफिकेटवाला अटेंडंट नसताना चालवू नका, हे वेगळं सांगायला नको.

अंबड : आमची मोसंबीची बाग आहे. मोसंबीच्या सालीच्या तेलात थर्माकोल विरघळतो असं पोरानं मोबाईलवर दाखवलं. खरं का? ज्यूसवाल्याकडं साल फुकट मिळते, धंदा होईल का?

खरं आहे. मोसंबी-संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं आणि ते पॉलिस्टायरीन सहज विरघळवतं. जपानच्या सोनीने नव्वदीच्या दशकात याच तत्त्वावर थर्माकोल गोळा करायची पद्धत उभी केली होती. फायदा मोठा, टेम्पोभर माल पिंपात मावतो. नंतर लिमोनीन काढून घेऊन परत वापरायचं आणि खाली पॉलिस्टायरीन उरतं.

पण धंदा म्हणून हिशोब कच्चा आहे. सालीत तेल फार थोडं, वाफेवर काढायला इंधन लागणार, आणि ते तेल सुगंधाच्या बाजारात थर्माकोल विरघळवण्यापेक्षा बरा भाव घेतं. शिवाय लिमोनीनचा फ्लॅश पॉइंट ४८-५० अंशांच्या आसपास, म्हणजे तेवढ्या उष्णतेला त्याच्या वाफा ठिणगीवर पेट घेतात. मे महिन्यात तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आत किती होतं ते तुम्हाला माहीतच आहे. आणि विरघळलेल्यातून लिमोनीन परत काढायला व्हॅक्यूमवर त्याची वाफ करून ती थंड करावी लागते, ते घरच्या हंड्यावर होत नाही. पोराला वाटीभर प्रयोग करू द्या, शाळेत दाखवायला छान आहे. साल जनावरांना किंवा खताला घाला.

परंडा : घरावर पत्रे आहेत, उन्हाळ्यात आत बसवत नाही. पत्र्याखाली थर्माकोलच्या शीट लावल्या तर चालतील का? का तुमचे ते ईपीपी लावू?

ईपीपी घराच्या छताला म्हणजे पैशाचा चुराडा, ते दणके खाणाऱ्या मालासाठी आहे. उष्णता अडवायला थर्माकोल पुरेसा, दोघांचीही कामगिरी जवळपास सारखी कारण खरं काम आत कोंडलेली हवाच करते. पन्नास मिलिमीटरची शीट बऱ्यापैकी फरक पाडते, पातळ १०-१२ मिलिमीटरची नुसती मनाची समजूत.

पण उघडी लावू नका, हात जोडून सांगतो. पेटली की थर्माकोल वितळून जळते थेंब खाली पडतात, धूर काळा आणि घशाला लागणारा, आणि आपल्याकडे त्याच खोलीत चूल किंवा गॅस असतो. खालून जिप्सम बोर्ड किंवा सिमेंट बोर्ड लावून बंद करा, वायरिंग पाइपातून घ्या. शीट पत्र्याला चिकटवू नका, तापलेला पत्रा पॉलिस्टायरीनला सहन होईल त्याच्या काठावर जातो, मध्ये दोन-तीन इंच जागा सोडा आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी लावून वारं खेळतं ठेवा. जाळी उंदरांसाठी, त्यांना थर्माकोलमध्ये घर करायला फार आवडतं. बजेट अगदीच कमी असेल तर आधी पत्र्यावरून पांढरा चुना किंवा कूल रूफचा रंग मारा, त्याने निम्मं काम होऊन जातं आणि आगीची भीती नाही.

हिंगोली : गणपतीच्या मखराला थर्माकोल बंद आहे पण रिसायकल होणारा ईपीपी वापरला तर चालेल ना?

रिसायकल होतो आणि चालतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यात २०१८ला सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि देशभर १ जुलै २०२२ पासून. ईपीपी पॉलिस्टायरीन नाही हे शास्त्राने बरोबर, पण पावती फाडायला आलेला माणूस मखर मोडून तपासणार नाही, आणि दहा दिवसांच्या सजावटीला गाडीच्या बंपरमधला माल कशाला. पुठ्ठा घ्या, बांबू घ्या.

शेंद्रा परिसर : आमचं शेत एका पॅकिंगच्या कारखान्याला लागून आहे. वारं सुटलं की पांढरे दाणे सगळ्या रानात, कपाशीच्या बोंडात अडकतात, ओढ्यात तरंगतात. मालक म्हणतो हा माल रिसायकलवाला आहे, काही होत नाही. काय करावं?

दाणा रिसायकल होतो तो पोत्यात असेल तेव्हा. रानात गेलेला दाणा कोणी वेचून मशीनमध्ये घालत नाही. वर्षानुवर्षं तसाच राहतो, उन्हाने भुगा होतो, ओढ्याने खाली जातो. कापसात मिसळला तर जिनिंगवाला भाव पाडतो ते वेगळंच.

कारखान्याला हे थांबवता येतं आणि फार खर्च नाही. सायलोच्या कापडी पिशव्या फाटलेल्या असतात त्या शिवायच्या, दाणा ओढायच्या पाइपाचे सांधे पक्के करायचे, गाडी रिकामी करायची जागा वाऱ्याच्या आडोशाला घ्यायची, सांडलेलं झाडूने उडवायचं नाही, व्हॅक्यूमने ओढायचं, आणि पावसाचं पाणी बाहेर जातं त्या नालीला बारीक जाळी. मालकाला हे पाचही मुद्दे लेखी द्या, पोच घ्या. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर संभाजीनगरच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज करा, ग्रामपंचायतीचं पत्र जोडा. तुम्हाला त्यांचा परवाना दाखवा म्हणत भांडायची गरज नाही, ते काम मंडळाचं. तुम्ही फक्त फोटो नीट काढा : एक कारखान्याची भिंत आणि तुमचा बांध एका चौकटीत दिसेल असा, एक ओढ्यातला, आणि एक बोंडाचा जवळून, तिन्हींवर तारीख येईल असं मोबाईलमध्ये सेटिंग करून घ्या. मूठभर दाणे पण काचेच्या बरणीत ठेवा, गावात असा दुसरा कारखाना असेल तर कोणाचा माल हे बरणीवरूनच ठरेल.